दाद

दिल्लीतील एका विद्यापीठातून मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी आयुष्यभर अनुवाद केले. परंतु ज्या अनुवादाने त्यांची खरी परीक्षा पाहिली तो अवघा अडीच पानांचा होता आणि त्याला वाचक एकच होता. २०२१ च्या पावसाळ्यात थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा, तपासणी-अहवाल त्यांच्या हाती आला. अक्का कृष्णाकाठच्या, वाळवे तालुक्यातल्या. शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचण्याचा नेम मोडलेला नव्हता. अहवाल इंग्रजीत होता. आईला काही कळू देऊ नये, असे भाच्यांचे मत पडले. अक्कांचे म्हणणे वेगळे होते. "माझ्या छातीत काय आहे ते मला कळंल असं लिहून दे," त्यांनी भावाला सांगितले.

त्याआधी सात महिने त्यांच्या खोकल्यावर क्षयाची औषधे चालू होती. त्या डॉक्टरांना फार दोष देण्यात अर्थ नाही. क्षयाने ग्रासलेल्या या देशात छातीच्या छायाचित्रावरील डागाला प्रथम तेच नाव सुचते आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण याच आडवाटेने उशिरा पोहोचतात. सुसान सोंटॅग यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात या दोन रोगांभोवती साचलेल्या रूपकांची झाडाझडती घेतली आहे. क्षयाला काव्याचे वलय मिळाले, कर्करोगाला युद्धाची परिभाषा. प्राध्यापकांनी ते पुस्तक वर्षानुवर्षे शिकवले होते; पण अक्कांच्या कागदापुढे बसल्यावर त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

अडचण पहिल्याच शब्दापाशी आली. 'कर्करोग' हा शब्द संस्कृत वळणाचा दिसतो खरा, परंतु त्यातला खेकडा ग्रीक वैद्यांचा आहे. युरोपीय वैद्यकाचा हात धरून तो आपल्याकडे आला. सुश्रुताचा शब्द 'अर्बुद'. प्राध्यापकांनी आधी तोच लिहिला, मग खोडला, कारण ते एका प्रचंड संख्येचेही नाव आहे आणि पेशींच्या बेसुमार वाढीच्या संदर्भात हा योगायोग त्यांना असह्य वाटला. अक्कांनी कागदावरची खाडाखोड पाहिली. "कॅन्सर म्हण की सरळ," त्या म्हणाल्या, "गावातलं शेंबडं पोरगंबी तेच म्हणतंय."

पुढचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच विचारला. जन्मात विडीला हात न लावणाऱ्या बाईला हे कसे झाले? अहवालात त्याचे अर्धे उत्तर होते. ई.जी.एफ.आर. नावाच्या जनुकात एकोणिसाव्या खंडातील काही अक्षरे गळाली होती. यासाठी 'उत्परिवर्तन' हा शब्द कोशात तयार आहे. परंतु प्राध्यापकांनी पोथीची उपमा वापरली. लेखनिक नक्कल उतरवताना एका ओळीतली दहा-पंधरा अक्षरे गाळतो आणि अर्थ भलताच होऊन बसतो, तसे हे. वाढीचा निरोप आला तरच पेशीने वाढावे, असा मूळ पाठ. गळाठा झालेल्या प्रतीत निरोपाची अटच उरत नाही.

या पाठभेदाचा शोध लागण्याची कथा उलट्या क्रमाने घडली. जेफिटिनिब ही गोळी २००२ मध्ये जपानमध्ये वापरात आली, तेव्हा बहुसंख्य रुग्णांवर तिचा काहीच परिणाम होईना. थोड्यांच्या मात्र गाठी काही आठवड्यांत विरघळल्यासारख्या कमी झाल्या. त्यांत स्त्रिया, पूर्व आशियातील लोक आणि धूम्रपान न करणारे अधिक. असे का, ते २००४ मध्ये बोस्टनमधील दोन गटांनी दाखवले. गोळी लागू पडत होती ती हा पाठभेद असलेल्यांना. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आशियाई चाचणीने दुसरी बाजूही स्पष्ट केली : पाठभेद नसलेल्यांचे या गोळीने नुकसानच होते. म्हणजे ज्याला आपण एक रोग म्हणत होतो तो एक नव्हताच. प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे, ज्यांच्या मूळ संशोधनास २०१८ चे नोबेल मिळाले, तीही अक्कांसारख्या रुग्णांत फारशी चालत नाहीत.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग धुराचा. चाळीस वर्षे अक्का चुलीपुढे बसल्या; शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओली लाकडे, आणि हातात फुंकणी. शिवाय घरधन्याची विडी. कोणत्या धुराने काय केले हे एका माणसापुरते कोणालाच सांगता येत नाही. २०२३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी असे दाखवले, की हे पाठभेद निरोगी फुफ्फुसांतही निपचित पडून असतात. हवेतील सूक्ष्म कण दाह निर्माण करून त्यांना जागे करतात. हे वाचून दाखवल्यावर अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुनेकडे गॅसची टाकी भरलेली आहे ना, याची चौकशी केली.

खरा पेच उपचाराच्या निवडीचा होता. नुसती रोजची गोळी घ्यावी, की जोडीला सलाईनमधून केमोथेरपीही? या प्रश्नावर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातच वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर चाचणी केली होती. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. रोग पुन्हा न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक नुसत्या गोळीवर ८ महिने, दोन्हींवर १६. पण तीव्र त्रासही दुप्पट : एकीकडे सुमारे चौथाई रुग्णांना, दुसरीकडे निम्म्यांना. भाच्यांना वाटे, या वयात आईचे हाल नकोत. प्राध्यापकांचेही मन तिकडेच झुकत होते, आणि त्या झुकावाचा वास अनुवादाला लागू नये म्हणून त्यांनी ते पान तीनदा लिहिले. 'प्रोग्रेशन'ला 'प्रगती' म्हणणे तर त्यांच्याने होईना.

"मध्यक म्हणजे?" अक्कांनी विचारले.

"निम्म्या लोकांचा काळ त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त."

"म्हणजे सोळा म्हणजे सोळाच नव्हंत."

"नव्हेत. कमीही असतील, अधिकही."

"आठबी आठ नव्हंत," त्या म्हणाल्या आणि दोन्ही घेण्याचे ठरवले. केस थोडे गेले, तोंड आले, गोळीने चेहऱ्यावर तारुण्यपीटिकांसारखे फोड उठले. त्याची त्यांनी यथेच्छ थट्टा केली. तीन महिन्यांनी गाठ निम्म्याहून लहान झाली. "रोगाने औषधाला दाद दिली," असे प्राध्यापकांनी लिहिले. मैफलीतली दाद आणि रोगाची दाद मराठीने एकाच शब्दात ठेवली आहे; इंग्रजीतला 'रिस्पॉन्स' त्यापुढे कोरडाच म्हणावा लागेल.

२०२३ च्या वसंतात रोग दाद देईनासा झाला. यावेळी छातीत सुई घालावी लागली नाही. रक्ताच्या नमुन्यातच नवा पाठभेद सापडला : टी ७९० एम, सबंध जनुकात एका अक्षराची अदलाबदल. तो २००५ मध्येच ओळखला गेला होता, आणि त्यासाठी घडवलेल्या ओसिमर्टिनिबला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. पुढे हीच गोळी आरंभापासून द्यावी असे ठरत गेले; परंतु २०२१ मध्ये अक्कांच्या घराला ती झेपणारी नव्हती. आता एका मदतनिधीतून तिची सोय झाली.

प्राध्यापकांनी नवे पान लिहून नेले. अक्कांनी चष्मा लावून ते वाचले आणि लाल पेन्सिल मागितली. 'रुग्णाची प्रकृती स्थिर' यातला 'स्थिर' त्यांनी खोडला, वर 'हिंडतीफिरती' लिहिले आणि कागद साफ उतरवून काढण्यासाठी भावाच्या हाती परत दिला.