आमसुलाची पुटे

गेल्या मे महिन्यात वडिलार्जित जमिनीच्या वाटणीपत्रावर सही करण्यासाठी मालवणजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा आमच्या घराचे छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वीच बसले असल्यामुळे, शेजारच्या घरी आता पाहुण्यांसाठी ज्या चार खोल्या बांधल्या आहेत त्यांतल्या एकीत भाडे देऊन उतरलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात कोणीतरी पिकलेले भिरंड, म्हणजे कोकमाचे फळ, दोन अंगठ्यांनी दाबून फोडले, त्या आंबटगोड, ओलसर वासासरशी माझे पाऊल उंबरठ्यावरच थबकले.

खळ्यात पुण्याचे एक कुटुंब ओळीने पाटांवर बसले होते. घरची सून त्यांना साल निराळी कशी करावी, गर आणि बिया मिठात कशा घालाव्यात, हे दाखवीत होती. मागाहून तिने प्रत्येकापुढे चार वाट्या मांडल्या : गेल्या वर्षीचे आगळ, साखर भरलेल्या साली उन्हात ठेवून केलेले अमृतकोकम, मिरची-कोथिंबिरीची तिवळ, आणि नारळाच्या पहिल्या रसाची सोलकढी. एका वृद्ध बाईंच्या भेगाळलेल्या टाचेला तिने मुठेल लावून दिले. बियांचे कूट उकळून वर येणारा स्निग्धांश मुठीत वळतात, म्हणून ते मुठेल. या दोन तासांचे ती माणशी पैसे घेते, हे कळले तेव्हा मला वाईट वाटले, हे मी लपवीत नाही. भिरंडाचे झाड आमच्याकडे कोणी मुद्दाम लावीत नसे. पाखरांनी टाकलेल्या बीपासून ते बांधावर, पऱ्ह्याच्या काठाला आपोआप उभे राही, आणि ज्याच्या हाती टोपली असेल त्याने फळे वेचावीत अशी वहिवाट होती.

पण खरे सांगायचे तर मला वाईट वाटले ते आत्यामुळे. लग्नानंतर तीन वर्षांतच कपाळ पांढरे होऊन ती माहेरी परतली, आणि पुढची चाळीस वर्षे आमच्या घरची सोले, म्हणजे आमसुले, तिनेच केली. साल मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची, अशी पाच-सहा पुटे बसली म्हणजे ती काळी, मऊ आणि तकतकीत होते. आणि हे सारे मिरगाच्या आत उरकायचे. आभाळ भरून आले की ती ओरडे, ‘पावस इलो, सोलां उचला!’ आणि घरातल्या बायका धावत. पुरुष ओटीवर बसून पाहत. दहाव्या वर्षी मुंज झाल्यावर मीही ओटीवर बसू लागलो.

त्याच वर्षी, १९६६ च्या मे महिन्यात, आत्याला कचेरीत नेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीलाही बापाच्या मिळकतीत वारस ठरविले होते, आणि आजोबा वारल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या नावे हक्कसोडपत्र तयार करविले होते. आत्याला अक्षर येत नव्हते. आदल्याच दिवशी दोन पाट्या भिरंडे फोडल्यामुळे तिचे दोन्ही अंगठे तांबडे होते. कारकुनाने ते पुसायला फडके दिले, तिने बराच वेळ पुसले, रंग गेला नाही. अखेर त्या तांबड्या अंगठ्यावरच जांभळी शाई लावून त्याने तो कागदावर टेकविला. मी वाकून पाहिले. कागदावर उमटला तो फक्त शाईचा ठसा.

येथे एक जुने पुस्तक मनात येते, आणि ते बाजूला सारावेसे वाटत नाही. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरील संवादग्रंथात ‘ब्रिंदाँव’ या फळाची नोंद केली आहे : आतून रक्तासारखे लाल, अतिशय आंबट, आणि ज्याच्या वाळवलेल्या साली शिर्का करण्यासाठी समुद्रापार नेतात असे. म्हणजे आमच्या भिरंडाच्या साली चारशे वर्षांपूर्वीच गलबतात चढल्या होत्या, आणि त्यांचे मोलही कोणीतरी घेतले होते. गार्सिनिया इंडिका हे झाडाचे शास्त्रीय नाव मात्र या गार्सियावरून पडलेले नाही, ते लॉराँ गार्सँ या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाचे. ऑर्ता जन्माने ज्यू वंशाचा. तो वारल्यानंतर १५६९ साली त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायासनाने जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. या दूरच्या क्रौर्याशी आमच्या घरच्या कागदाची तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणतो. तरी ती बहीण वाचनात आली की माझ्या डोळ्यांपुढे आत्याचा अंगठा येतो.

मुंबईच्या नोकरीत छत्तीस वर्षे गेली. तेथल्या एका खाणावळीत बीट घालून गुलाबी केलेली सोलकढी पुढे आली, तेव्हा मी ताटावरून उठलो होतो. अस्सल आगळाची कढी फिकट, किंचित जांभळट असते. ज्या रंगासाठी माझ्या आत्याने जन्मभर हात रंगविले, त्याचे असले सोंग मला आजही सहन होत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, त्याचे खरे फळ या सुनेच्या खळ्यात मला दिसत होते. बीपासून झालेल्या रोपांत निम्मीअधिक झाडे नर निघतात आणि सहा-सात वर्षे खस्ता खाल्ल्यावर ती फुलतात तेव्हाच ते कळते, म्हणून तिने दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोंकण अमृता’ या जातीची कलमे लावली आहेत. ‘जमीन सासऱ्यांच्या नावार आसा,’ ती म्हणाली, ‘पण हो धंदो माझ्या नावार.’ तिचे अंगठे तांबडे होते. हे वाक्य ती किती सहज बोलली! आणि माझ्या खिशात त्याच दिवशी सही करायचे वाटणीपत्र होते, ज्याच्या मुळाशी ते १९६६ चे हक्कसोडपत्र होते.

दुपारी तीनच्या सुमारास दक्षिणेकडून वळीव चढला. चौथ्या पुटाची सोले खळ्यात पसरलेली. सून धावली, कामाला येणाऱ्या दोन बायका धावल्या, पुण्याची मुलेही धावली. मी ओटीवरून उठलो तशी ती ओरडली, ‘काकानू, तुमी बसा!’ मी बसलो नाही. गुडघे दुखत होते, थेंब टपोरे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी दोन्ही हातांनी सोले गोळा करून सुपात भरीत होतो. त्यांचा खारट, उबदार चिकटा बोटांच्या पेरापेरांत शिरत होता. तरी दोन सुपे भिजलीच.

संध्याकाळी दिवा लागल्यावर तिने जाड वही उघडली. पाहुण्यांचे पैसे लिहिले, त्या दोन बायकांची मजुरी लिहिली, आणि त्याखाली एका ओळीत लिहिले : ‘दोन सुपे भिजली, पावसाने.’ आत्याची किती सुपे भिजली, हे आमच्या कोणत्याच दप्तरात नाही. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि वाटणीपत्र तसेच, सहीवाचून, पिशवीत परत ठेवले.