जागा देता का, जागा?

पुण्यात ‘जागा बघतेय’ म्हटलं, की समोरचा लगेच विचारतो, ‘कोथरूडला की वाकडला?’ मला मात्र जागा हवी होती माझ्या कॉम्प्युटरमध्ये. आणि बजेट फ्रीलान्सरचं! म्हणजे चेक ‘येतोय, येतोय’ आणि हातात मोजून सात हजार.

आता तुम्ही म्हणाल, गेम्ससाठी एवढा आटापिटा? त्याचं असं आहे, आमचा कॉलेजचा चौघांचा कट्टा पार विखुरलाय. एक बंगलोरला, एक टोरांटोला, एक लग्न होऊन नाशिकला. मग शनिवारी रात्री हेडफोन लावून आम्ही ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो. लढाई थोडी, गॉसिप जास्त. हा एकटा गेम मागतो १५० जीबी, तेही एसएसडीवर. माझी एसएसडी सगळी मिळून २४० जीबीची! त्यातच लिनक्स, कामाचे फोटो आणि इंटरव्ह्यूजची रेकॉर्डिंग्ज. म्हणजे कट्टा ठेवायचा की काम?

‘लिनक्सवर कुठे गेम्स चालतात?’ हा पुढचा प्रश्न. चालतात हो! विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला माझा जुना प्रोसेसर चालेना. पण २०१८ मध्ये व्हॉल्व कंपनीनं प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे ढीगभर गेम्स लिनक्सवर पळायला लागले. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ मात्र विसरा. त्यांची अँटी-चीट यंत्रणा लिनक्सला दारातच उभं करत नाही. बाकी लिनक्स पुण्याला परकं नाही. रेड हॅटचे इंजिनीअर इथेच बसतात. इथल्याच सी-डॅकचा ‘ऐरावत’ सुपरकॉम्प्युटर जून २०२३ मध्ये जगात ७५ वा आला. त्या यादीतले पाचशेच्या पाचशे कॉम्प्युटर लिनक्सवरच!

बाजारात गेले, तर भाव चढलेले. २०११ मध्ये थायलंडच्या पुरानं हार्ड डिस्क महागल्या होत्या. या वेळी पूर एआयचा! डेटा सेंटर्स मेमरी चिप्स उचलतायत. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. एका दुकानात मात्र ऑफर आली, ‘मॅडम, दोन टीबी, अर्ध्या किमतीत!’ डब्यावर धड नाव नाही. अशा ड्राइव्हमध्ये चिप खोटं बोलते. खरी जागा संपली, की नवा डेटा टिकतच नाही. लिनक्सवर ‘एफ३’ नावाचं फुकट टूल हे खोटं पकडतं. मी नमस्कार करून निघाले.

मग हिशेब मांडला. आधी मदरबोर्डचा एम.२ स्लॉट बघा, तो साटा आहे की एनव्हीएमई? माझा जेन ३, म्हणजे सेकंदाला फार तर ३,५०० एमबी. त्यात ७,००० वाला जेन ४ ड्राइव्ह बसतो, पण पळतो जुन्याच वेगानं. उगाच जास्त पैसे कशाला? साटा एसएसडी ५५० पर्यंत जाते, तरी गेम उघडताना फरक बहुतेक वेळा काही सेकंदांचाच. खरी उडी आहे ती हार्ड डिस्कवरून एसएसडीवर.

दुसरं, क्यूएलसी की टीएलसी? क्यूएलसी एका सेलमध्ये चार बिट कोंबते, म्हणून स्वस्त. पण भरत आली, की मोठी फाइल लिहिताना दमते. टीएलसी तीनच ठेवते, जास्त टिकते. तिसरं, फॉरमॅट ईएक्सटी४ करा. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर प्रोटॉन हमखास रुसतं.

शेवटी ५०० जीबीची टीएलसी घेतली, फक्त गेम्ससाठी. जुन्या एसएसडीवर लिनक्स आणि काम. रेकॉर्डिंग्जची दुसरी कॉपी भावाच्या जुन्या हार्ड डिस्कवर. त्याआधी ‘स्मार्टसीटीएल’नं ती किती तास चाललीय आणि खराब सेक्टर किती, ते बघून घेतलं. जागा वाढली म्हणजे बॅकअप झाला, असं नसतं बरं का!

परवा शनिवारी नाशिकवाली बाळाला झोपवून अकराला ऑनलाइन आली. टोरांटोवाल्याच्या हातात दुपारची कॉफी. तीन महिन्यांनी चौघं एकत्र! राक्षस राहिले बाजूला, पहाटे दोनपर्यंत नुसत्या गप्पा.