तोटीला बोट लावा!

रोमला गेलात ना, की आधी एक काम करा. कोलोसियम नंतर, व्हॅटिकन नंतर! रस्त्याच्या कडेला कमरेएवढा, ओतीव लोखंडाचा एक गोल खांब शोधा. त्याच्या वाकड्या तोटीतून पाण्याची धार वाहत असेल. त्या तोटीच्या तोंडावर बोट दाबा. दाबलंत? तोटीच्या पाठीवर एक बारीकसं भोक आहे, त्यातून पाणी कमान करून वर उडतं आणि थेट तुमच्या तोंडात! पेला नको, ओंजळ नको, फार वाकायला नको! आणि गार किती! बाहेर ऊन रणरणतंय आणि पाण्यानं दात शिवशिवतायत!

याला म्हणतात नासोने. रोममध्ये असे अडीच हजारांच्या आसपास आहेत! पहिले बसले 1874 मध्ये. फुकट! पिण्याचं पाणी! आणि आम्ही पॅरिसपासून बाटल्या विकत घेत आलो होतो!

आता हे सापडलं कसं, ते ऐका. आमच्या ग्रुप टूरचे अगदी शेवटचे दिवस. स्वित्झर्लंडचा बर्फ झाला, व्हेनिस झालं, पिसाच्या मनोऱ्याला हात लावून फोटो झाले. मंडळी दमलेली. कोचमध्ये आता खिडकीबाहेर कुणी बघेना, चॉकलेटं कुठल्या बॅगेत आणि बॅग किती किलो, एवढंच चाललेलं. ठेपले संपले, चिवड्याचा चुरा उरला. आणि रोमच्या जुन्या भागात मोठ्या कोचला सहजी शिरू देत नाहीत, म्हणजे पायपीट! काकू म्हणाल्या, ‘मी बसते इथेच, तुम्ही बघून या.’ टूर मॅनेजर काही बोलला नाही, नुसता त्या खांबाशी गेला आणि त्यानं बोट लावलं. उडालं पाणी! काकू उठल्या! आणि मग काका उठले आणि मग सगळ्यांनी रांग लावली आणि मग एका आजोबांनी टोपी भिजवून डोक्यावर घातली आणि मग जो तो पुढच्या कोपऱ्यावर धावत सुटला, कारण पुढच्या कोपऱ्यावर आणखी एक नासोने होता!

मला ना इंजिनिअरिंग कळतं, ना रोमचा इतिहास. पण त्या क्षणापासून मला पाण्याशिवाय काही दिसेना! नळ बंद का करत नाहीत, मी गाईडला विचारलं. ती म्हणाली, पाणी वाहतं राहिलं की नळात साचून खराब होत नाही. इतकं साधं!

आणि मग पॅन्थिऑन! दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत अग्रिप्पाचं नाव, मूळ देऊळ बांधणाऱ्याचं. आजची इमारत नंतरची, सम्राट हॅड्रियनच्या काळातली, पण नाव अग्रिप्पाचंच ठेवलंय. सगळे मान वर करून घुमटाकडे बघत होते. घुमटाची रुंदी 43 मीटर, मधोमध भलं मोठं उघडं भोक, वर काच नाही, काही नाही! पाऊस सरळ आत पडतो! मी मात्र खाली बघत होते. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि तिच्यात बारीक भोकं आहेत. पडलेलं पाणी त्यातून निघून जातं! कुणीतरी हा विचार एकोणीसशे वर्षांपूर्वी केला होता!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. तिथून चालत ट्रेवी कारंजं. गर्दी, नाणी, सेल्फी, सगळं आलंच. पण त्यातलं पाणी येतं ते आक्वा व्हिर्गो या जलवाहिनीचं. ती बांधली इसवी सन पूर्व 19 मध्ये. कुणी? अग्रिप्पानं! तोच! वीसेक किलोमीटर लांब, बहुतेक जमिनीखालून, पंप नाही, नुसत्या उतारावर! 537 साली गॉथांनी रोमला वेढा घालून जलवाहिन्या तोडल्या, 1453 मध्ये पोप निकोलस पाचवा यानं ही दुरुस्त करून घेतली, आणि पाणी अजून येतंय! पुण्याचे काका लगेच म्हणाले, ‘नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं ते असंच, जमिनीखालून!’ काकांची छाती जी फुगली!

आणि मग स्पॅनिश पायऱ्या. मंडळी पायऱ्यांचे फोटो काढत राहिली, मी खालच्या कारंजाला चिकटले. अर्धी बुडालेली दगडी नाव, पिएत्रो बर्निनीची, बार्काच्चा. इतकी खाली, जवळजवळ जमिनीत का? कारण इथं हेच पाणी येतं आणि त्याला जोर कमी! उंच उडणार नाही म्हटल्यावर त्यानं कारंजंच खाली नेलं! मी हे तीनदा सांगितलं, शेवटी काकूंनीही कौतुकानं नावेभोवती एक फेरी मारली.

आज निरोपाचं जेवण झालं. पनीर, गुलाबजाम, एकमेकांचे नंबर, थोडं डोळ्यांत पाणी. पण आमच्या टेबलावर नकाशा पसरलेला! हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक नासोने आहे म्हणे! विमान दुपारचं आहे, सकाळ मोकळी आहे, काकूंनी बाटली धुऊन ठेवली आहे. सहाला लिफ्टपाशी भेटायचं ठरलंय!