पनचक्कीचे पाणी येते कुठून?

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, कुणी पाहुणा आला की बीबी का मकबरा पाहून झाल्यावर त्याला पनचक्कीला नेण्याचा रिवाज आहे. खाम नदीच्या काठावर, महमूद दरवाजाला लागून हजरत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि खानकाह आहे. बाबा बुखारा प्रांतातल्या गिजदुवानचे. त्यांचे मुर्शिद बाबा शाह पलंगपोश यांचीही आठवण इथे जपलेली आहे. समोर लांबलचक हौज, त्याच्या तळाखाली जाडजूड खांबांवर उभे असलेले दालन, बाजूला जुना वड आणि उंच भिंतीवरून हौजात पडणारी पाण्याची धार. हौजाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. याच पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि खानकाहतल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जायचे. म्हणूनच तिचे नाव पनचक्की.

बहुतेक पाहुणे धार पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. आमच्या तीन घरांतल्या मुलांनी मात्र पुढचा सवाल केला, "हे पाणी येतं कुठून?" नहरीतून. "नहरीत कुठून येतं?" डोंगरातून. "मग डोंगरात कोण ओततं?" या शेवटच्या सवालाचे उत्तर पाहूनच द्यावे, असे ठरले. श्रावणातल्या एका रविवारी, फजरनंतर न्याहारी उरकून, आम्ही लहानमोठी नऊ माणसे पाण्याच्या उलट्या दिशेने, हर्सूलच्या डोंगरांकडे निघालो.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा. हे शहर वसवले मलिक अंबरने, 1610 साली. हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने जे गाव राजधानीसाठी निवडले त्याचे नाव होते खडकी. खडकावर वसलेली ती खडकी. नावातच अडचण सांगितलेली होती. जमीन खडकाळ, खाम नदी पावसाळ्यापुरती जोरात वाहणारी, आणि राजधानी म्हटली की हजारो माणसे, घोडे, हत्ती. एवढ्यांना पाणी पुरवायचे कसे?

1617-18 च्या सुमारास मलिक अंबरने नहरीचे काम हाती घेतले. तीच नहर-ए-अंबरी. त्यासाठी त्याने मोठे धरण बांधले नाही, नदीही वळवली नाही. शहराच्या उत्तरेला असलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली जे पाणी पाझरते, ते गोळा करून उताराने शहरात आणले. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. पनचक्कीची नहर त्यांतलीच, ती काही किलोमीटरवरून हर्सूलच्या बाजूने येते. जमील बेग खान यांनी इथला मोठा हौज बांधवला.

नहरीची रचना मुलांना समजेल इतकी सोपी आहे. डोंगरपायथ्याला जमिनीत खोल चर किंवा भुयार खणतात. त्याच्या भिंतींतून पाझर येतो. ते पाणी हलक्या उताराच्या बांधीव नालीतून आणि पुढे चुन्यात बसवलेल्या खापराच्या नळांतून वाहते. सफाईसाठी आणि हवेसाठी जागोजागी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात. शहराजवळ चुना-विटांचे उभे मनोरे आहेत. त्यांत पाणी एका नळाने वर चढते, मोकळ्या हवेला लागते आणि दुसऱ्या नळाने खाली उतरते. त्यामुळे नळावरचा दाब आटोक्यात राहतो आणि अडकलेली हवा निघून जाते. ना पंप, ना वीज. इराणात हीच विद्या कनात किंवा कारेझ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे बिदरला बहमनी काळातला कारेझ आहे, आणि बुऱ्हाणपूरला अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळातला, 1615 चा कुंडी भंडारा आहे.

पण नहर पाणी तयार करत नाही, ती फक्त वाहून आणते. पाणी तयार होते वर, उतारावर. तेच पाहायला आम्ही निघालो होतो.

आदल्या रात्री चांगला पाऊस झाला होता. महमूद दरवाजाजवळच्या पुलावरून खाली पाहिले तर खाम गढूळ, चहाच्या रंगाची होऊन धावत होती. हा रंग म्हणजे कुठल्या तरी उघड्या उताराची माती. पनचक्कीची धार मात्र स्वच्छ होती. पाऊस एकच, शहरही एकच, तरी एक पाणी गढूळ आणि दुसरे नितळ. फरक वाटेचा होता. नदीतले पाणी रात्रीतूनच जमिनीवरून धावत आले होते. नहरीतले पाणी आधी कधीतरी पडून, जमिनीत मुरून, गाळले जाऊन सावकाश आले होते.

हर्सूल तलाव मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन पडले होते. उतारावर गुडघ्याएवढे गवत, मध्ये पळस, लिंब, बोरी, बाभळी. मुलांकडे पाण्याच्या बाटल्या होत्या. आम्ही त्यांना एक छोटा प्रयोग करायला लावला. एक बाटली गवताच्या मुळाशी हळूहळू ओतायची आणि दुसरी, तेवढ्याच वेगाने, शेजारच्या पायवाटेवर. गवतातले पाणी बघता बघता दिसेनासे झाले. पायवाटेवरचे पाणी आत जाईना. ते पसरले, उताराला लागले आणि थोडी माती घेऊन पुढे गेले. मुलांनी दुसऱ्या जागेवर पुन्हा करून पाहिले, निकाल तोच.

असे का होते? उघड्या मातीवर पावसाचा थेंब जोरात आदळतो. मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग खाली माती तहानलेली असली तरी पाणी वरूनच निघून जाते. गवत असले की थेंबाचा मार पाते झेलते. मुळे आणि गांडुळे जमिनीत बारीक वाटा करून ठेवतात. कुजलेला पाला मातीला भुसभुशीत ठेवतो. गवताच्या काड्या पाण्याला थोपवतात आणि मुरायला वेळ मिळतो. गावाकडे म्हणतातच, धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबवा, थांबल्याला मुरवा.

पायथ्याच्या शेताच्या बांधावर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला आम्ही सलाम-नमस्कार केला. मुलांचा खेळ पाहून ते म्हणाले, "काळीत ओतून बघा की!" त्यांच्या शेतात खालच्या अंगाला काळी जमीन होती. तिथे बाटली ओतली तर पाणी नुसते साचून राहिले. मुलांना नवल वाटले, कारण ही तर सर्वांत कसदार माती.

काळ्या मातीचा स्वभावच वेगळा आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून थेट खोल जातो. मग माती भिजते, फुगते, भेगा मिटतात आणि पाणी घेण्याचा वेग अगदी मंदावतो. ती ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. पण खाली पाणी सोडण्यात ती कंजूष आहे. मुरूम याच्या उलट. तो स्वतःजवळ फारसे ठेवत नाही, पण पाणी पटकन घेतो आणि खाली देतो. म्हणून डोंगराचा मुरमाड, गवताळ उतार पिकाच्या हिशेबात हलका असला तरी पाण्याच्या हिशेबात लाखमोलाचा आहे. सात-बाऱ्यावर ज्याला पड म्हणतात, तेच शहराच्या पाण्याचे दार.

मुरमाखाली काय आहे? आपला जवळजवळ सगळा मराठवाडा लाव्हाच्या थरांवर उभा आहे. एकावर एक थर, कुठे भेगाळलेला, सच्छिद्र, झिजलेला खडक, तर कुठे सलग काळा पाषाण. मुरलेले पाणी झिजलेल्या थरातून आणि भेगांतून खाली उतरते, सलग पाषाणावर अडते, मग त्याच्या वरून आडवे सरकत डोंगराच्या पायथ्याशी येते. तिथे ते झऱ्याच्या किंवा पाझराच्या रूपाने बाहेर पडू पाहते. नहर बांधणाऱ्यांनी नेमकी हीच जागा ओळखली. मात्र या खडकात साठवण फार नसते. त्या शेतकऱ्यानेही सांगितले, "विहीर पावसात लवकर भरते आन् हिवाळा सरला की लवकर उतरते." नहरीला बारा महिने पाणी हवे असेल तर उताराने दरवर्षी नव्याने भरून द्यावे लागते.

झाडांबद्दलही एक गैरसमज आम्हाला इथे दूर करावासा वाटतो. झाडे लावली की पाणी वाढलेच, असे सरसकट नाही. झाड स्वतःही पाणी पिते आणि पानांतून हवेत सोडते. हलकी सर आली तर ती पानांवरच वाळून जाते. कमी पावसाच्या उतारावर दाटीने तहानलेली झाडे लावली तर पाझर कमीही होऊ शकतो. मोलाची असते ती गवत, झुडूप आणि मधूनमधून झाड अशी जुनी मिश्र ठेवण. ती माती धरते, सावली देते आणि जमिनीचे तोंड उघडे ठेवते. वणवा लावणे, बारा महिने चराई करणे आणि मुरूम खणून नेणे, या तीन गोष्टी थांबल्या तरी गवत आपसूक परत येते.

आपल्या शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. 50 मिलिमीटर पाऊस दोन दिवस रिमझिम पडला तर बराचसा मुरतो. तोच एका तासात कोसळला तर चांगली जमीनही हात टेकते. अशा वेळी जमिनीवर जर सिमेंट असेल तर मुरण्याचा प्रश्नच उरत नाही. परतताना आम्हाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी बांधकामे, सपाट केलेले प्लॉट आणि फोडलेले उतार दिसत होते. घरे तर लोकांना हवीतच, आम्हीही घरांतच राहतो. पण नहरीचा उगम, तिची तोंडे आणि तिच्यावरचा उतार एवढा भाग तरी मोकळा राहायला हवा. जुन्या नहरी कुठे फुटल्या आहेत, कुठे त्यांच्यावर बांधकामे आली आहेत, कुठे त्यांत सांडपाणी शिरते. आपण फुटलेला नळ दुरुस्त करू शकतो. पण सिमेंटखाली गेलेला उतार परत मिळत नाही.

आज शहराची तहान पैठणच्या नाथसागरावर भागते. पन्नासेक किलोमीटरवरून, खालून वर, विजेच्या बळावर पाणी चढवावे लागते, आणि तरीही कित्येक मोहल्ल्यांत नळ काही दिवसांआड येतो. एवढ्या मोठ्या शहराला नहरी पुरणार नाहीत, हे खरे आहे. पण त्या एखाद्या मोहल्ल्याच्या, बागेच्या, मशिदीच्या वापराचे पाणी नक्की देऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या उतारामुळे नहर जगते, त्याच उतारामुळे आसपासच्या विहिरी आणि बोअर जगतात.

आपल्या दीनमध्ये याची शिकवण जुनी आहे. पाऊस अंदाजाने उतरवला जातो, जमिनीत ठेवला जातो आणि तो काढून घेण्याचीही ताकद अल्लाहकडे आहे, ही जाणीव कुरआनच्या सूरह मोमिनूनमध्ये दिलेली आहे. वाहत्या नदीकाठी असलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, असे नबी (स.) यांनी शिकवले. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. विहीर खोदणे हा सदका-ए-जारिया आहे, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग त्या विहिरीला पाणी देणारा उतार राखणे हा सदका का नसावा?

घरी करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटरच्या छतावर वर्षाला अंदाजे 65 हजार लिटर पाणी पडते. काही वाळून जाईल, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे लागेल, तरी 50 हजार लिटरच्या आसपास हाती लागते. जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येते. मशिदीत वुजूचे पाणी गटारात न जाता अंगणातल्या झाडांच्या आळ्यात गेले तर मोठा खर्चही नाही. अंगणात सगळीकडे फरशी घालण्याऐवजी एक कोपरा मातीचा राहू द्यावा.

आणि मुलांना एकदा उतारावर जरूर न्यावे. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या असल्या की पुरे. एक गवतात ओतायची, एक उघड्या वाटेवर. आमच्यातल्या सर्वांत धाकटीने घरी येताच दादीजानला सांगितले, "डोंगरात पाणी कुणी ओतत नाही, अल्लाह पाऊस पाडतो आणि गवत त्याला आत जायला सांगतं." दादीजान म्हणाल्या, "मग त्या गवताला कुणी हात लावू नका म्हणावं."