स्पॉकचं प्रेम आणि फ्रीगंजचं हस्तलिखित



फ्रीगंजच्या गणपतीतल्या हस्तलिखिताची आठवण किती जणांना आहे ठाऊक नाही. अंक छापणं परवडायचं नाही. मग ज्यांचं अक्षर चांगलं त्यांना धरून एकच प्रत तयार व्हायची, आणि ती दहा दिवस मंडपात टेबलावर असायची. येणाऱ्यानं चपला काढायच्या, दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि हात पुसून पानं उलटायची. 1986च्या अंकावरून आमच्या घरात जे रामायण झालं ते आज लिहिते.

त्या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही काकांकडे. पोहे-जलेबी आटोपून सगळे त्यांच्या खोलीत जमायचे. इंग्रजी निम्म्यांना कळायचं नाही, पण टोकदार कानांचा स्पॉक सगळ्यांना आवडायचा. माझी ताई तेव्हा एम.एस्सी. करत होती. तिनं स्पॉकवर मराठीत गोष्ट लिहिली आणि हस्तलिखितासाठी दिली. गोष्ट अशी की स्पॉक जयसिंहाची वेधशाळा बघायला उज्जैनला येतो. प्राचीन ज्योतिषाची मध्यरेषा इथून जायची, त्याचा त्याला अभ्यास करायचा असतो. तिथे त्याला एक मराठी मुलगी भेटते. पुढे क्षिप्रेचा घाट, चांदणं वगैरे, आणि निरोप घेताना स्पॉकच्या डोळ्यांत पाणी.

पहिला विरोध काकांचाच. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांची 'कृष्णविवर' पहिली आली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथा म्हणजे काकांना घरचं कार्य वाटायचं. 'यक्षांची देणगी' त्यांनी पुण्याहून मागवलेलं, खाकी कव्हर घालून ठेवलेलं. त्यांचं म्हणणं, "आत्ता कुठे लोक या कथांकडे गंभीरपणे बघायला लागलेत. त्यात हे चांदणं घुसलं की संपलं. आणि स्पॉक रडतो? दोन भेटींत? ज्यांच्या ग्रहावर भावना आवरायला लहानपणापासून शिकवतात, तो?"

यावर आजीनं विचारलं, "त्याची आई कुठली?"

"पृथ्वीवरची," ताई म्हणाली.

"आणि बाप?"

"त्या ग्रहावरचा."

"मग बापानं तिच्याशी लग्न केलं ते काय गणित सोडवायला?"

काका दोन मिनिटं गप्प. आम्ही तोंडाला पदर, रुमाल, जे मिळेल ते लावून हसत होतो.

आत्याची अडचण वेगळी होती. "स्थळं बघायला सुरुवात केलीय, आणि ही परग्रहावरचा जावई आणतेय! मंडपात शंभर लोक वाचणार." समोरचे वकीलकाका कायद्यावर आले. दुसऱ्याचं पात्र परवानगीशिवाय घ्यायचं म्हणजे चोरीच, असं त्यांचं मत. त्यावर आजोबांनी कालिदास काढला. उज्जैनमध्ये वाद कितीही वाढला तरी शेवटी कालिदास निघतोच. ते म्हणाले, "महाभारतातल्या शकुंतलेत ना अंगठी आहे, ना दुर्वासांचा शाप. तिथे राजाला सगळं आठवतंय, तरी तो नाही म्हणतो. कालिदासानं व्यासांची पात्रं उचलली, प्रेमकथा आपल्या मनासारखी लिहिली, आणि आपण दर कार्तिकी एकादशीला त्याचा समारोह करतो. लावा त्यालाही चोरीचं कलम."

आम्हाला वाटायचं हा आमच्या वाड्याचा वाद. खूप नंतर कळलं की अमेरिकेत हेच वीस वर्षं आधी सुरू झालं होतं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं पहिलं हौशी मासिक, 'स्पॉकनेलिया', 1967चं. त्याच्या संपादक दोन बायका होत्या. तिथेही प्रेमकथांवर नाकं मुरडली गेली. 1973 साली पॉला स्मिथ या बाईंनी अशा गोष्टींमधल्या सर्वगुणसंपन्न नायिकेची टर उडवणारी छोटी कथा लिहिली. त्यातलं 'मेरी सू' हे नाव आजही तशा नायिकेला लावतात. 1981मध्ये 'स्टार वॉर्स'च्या कंपनीनं शृंगारिक कथा छापणाऱ्या मासिकांना ताकीद दिली. म्हणजे काका, आत्या आणि वकीलकाका तिकडेही होतेच.

काका मात्र नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत. चार दिवसांनी ताईला बोलावून म्हणाले, "प्रेम दाखव, पण विज्ञानाला बगल देऊ नकोस. तुझ्या गोष्टीत निरोप क्षणात पोचतो, मग विरह कसला? सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. पत्र जायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला सव्वाचार. आता लिही."

ताई चिडली, पण तिनं लिहिलं. नव्या गोष्टीत स्पॉक रडत नाही. तो परत जातो, आणि त्या मुलीचं पहिलं पत्र त्याला मिळतं तेव्हा ती वेधशाळेत नोकरीला लागलेली असते. पुढचं उत्तर येईपर्यंत तिच्या केसांत पांढरं दिसू लागतं. दोघंही एकमेकांना जुन्या वयातच ओळखत राहतात. मेघदूतातल्या यक्षाला निदान आषाढातला ढग मिळाला होता, इथे तोही नाही, असं तिनं एका ठिकाणी लिहिलं होतं. काकांनी वाचून वही मिटली, म्हणाले, "हे विज्ञान आहे," आणि चष्मा पुसत बसले. पहिल्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी चांगली होती, हे ताईही मान्य करते.

खरा घोळ पुढे झाला. मंडळानं गोष्ट घेतली, पण लेखिकेच्या जागी 'एक विज्ञानप्रेमी' असं लिहायचं ठरवलं. मुलीचं लग्न व्हायचंय, तिच्याच भल्यासाठी, असं सांगायला दोन ज्येष्ठ मंडळी घरी आली. त्यातले एक म्हणाले, "नारळीकरांनीसुद्धा पहिली कथा टोपणनावानंच पाठवली होती. नारायण विनायक जगताप."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "त्यांनी आपलं नाव स्वतः लपवलं, परीक्षकांनी नावाकडे न बघता कथा वाचावी म्हणून. माझं तुम्ही लपवताय. नाव नसेल तर गोष्ट परत द्या."

आई घाबरली, बाबा जमिनीकडे बघत राहिले. काका उठून आत गेले, हॅलेच्या धूमकेतूवरच्या आपल्या लेखाबद्दल एक चिठ्ठी लिहून घेऊन आले. "माझाही लेख परत द्या. जिच्या गोष्टीला सगळ्यात जास्त नावं मी ठेवली, तिचंच नाव नसेल, तर माझं कशाला?"

त्या वर्षी अंकात दोन्ही नव्हतं. गोष्ट वहीतच राहिली आणि वही वाड्यात, मग गल्लीत, मग मुलींच्या कॉलेजात फिरली. पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं. भावजींना बघण्याच्या कार्यक्रमातच तिनं ती वाचायला दिली होती. त्यांनी प्रकाशवर्षाचा हिशेब तपासला म्हणे, आणि बरोबर आहे म्हणाले.

आता तिची मुलगी इंग्रजीत अशाच कथा लिहिते. 2019 साली अशा कथांच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या मोठ्या संग्रहाला विज्ञानकथांमधला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा तिनं आईला फोन करून सांगितलं. ताईनं एवढंच विचारलं, "नाव घालतात का त्या पोरी?"

"बहुतेक जणी टोपणनाव घेतात, आई. पण स्वतःच ठरवलेलं."

"मग हरकत नाही," ताई म्हणाली.

काका आता नाहीत. विज्ञानकथेत प्रेम किती असावं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, आणि दिवाळीला सगळे जमले की भांडण होतंच. वही ताईकडे आहे, पण त्या वर्षांची हस्तलिखितं कुठे गेली कुणालाच माहीत नाही. टॉवर चौक, शहीद पार्क या भागातल्या जुन्या घरांत, माळ्यावर, पेटीत एखादी प्रत असेल तर रद्दीत देऊ नका. आधी उघडून बघा, आणि कुठल्या गोष्टीखाली नाव नाही तेही बघा. घरातल्या एखाद्या आत्याला किंवा मावशीला विचारलंत तर कदाचित ते नाव कळेल.