चराईचं देणं

माझ्या आजोबांच्या, आबाजींच्या हातच्या वह्या आमच्या घरात अजून आहेत. सरकीचा भाव, सावकाराचं व्याज, गड्यांचं साल, लग्नातला आहेर, सगळं त्यांत आहे. दर वर्षाच्या शेवटी एक पान 'चराई'चं असायचं. बहुतेक पानांवर हिशेब 'चुकता' असं लिहिलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्याचं पान तेवढं तसंच राहिलं. खाली रेघ मारलेली नाही. ते पान आता माझ्याकडे आलं आहे, म्हणून हे लिहितो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. 1930 साली वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह करायचा ठरला तेव्हा समुद्र शोधायला जावं लागलं नाही; अकोल्याजवळच्या दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यातूनच मीठ काढलं गेलं. अशा पाण्यावर हिरवा चारा कुठून पिकणार? ज्वारीचा कडबा, तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार, आणि गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे गायरान, एवढाच गुरांचा आधार. गायकी रोज सकाळी आखरावर जमलेलं गोहन घेऊन ई-क्लासवर जायचा आणि दिवस बुडता परत यायचा. त्याची राखण ढोरामागे ठरलेली, बहुतेक ज्वारीत. हे सारं होळीपर्यंत निभायचं. पुढे ई-क्लासवर माती तेवढी राहायची आणि ज्यांची गुरं जास्त ते मेळघाटाची वाट धरायचे.

मेळघाटातली चराई दोन ठिकाणी मोजावी लागे. एक सरकारात, जंगल खात्याची पावती फाडून. म्हशीचा दर गाईपेक्षा जास्त. दुसरी गवळ्याला, राखणीची. गवतावर पैसे का द्यायचे, हा प्रश्न वऱ्हाडानं फार आधी विचारला होता. इंग्रजांनी इथल्या जंगलाचे वर्ग पाडले: लाकडाचं वेगळं, गवताचे रमणे आणि बाभूळबनं वेगळी, चराईचं वेगळं, आणि प्रत्येकाला दर लावला. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात शिरले आणि परवान्याशिवाय गवत कापून तुरुंगात गेले. आबाजी तेव्हा पोरसवदा होते. ती गोष्ट ते कुळाचार सांगावा तशी सांगत, आणि तरीही दर उन्हाळ्यात पावती मात्र न चुकता फाडत.

बहात्तर साली ज्वारी करपली. ज्वारी गेली म्हणजे भाकर गेली आणि कडबाही गेला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकताना हा हिशेब मला फळ्यावर दिसला: चारशे किलोच्या बैलाला रोज दहा किलो तरी सुका चारा लागतो. तीन महिन्यांचे नऊ क्विंटल, एका जनावराचे. आमची लहानमोठी धरून डझनभर जनावरं होती. त्या साली बाजारात कडब्याची पेंडी बघायला मिळत नव्हती. पैसा असता तरी काय घेणार? बैल विकावे तर घेणारा कसायाखेरीज कोणी नव्हता. पेरणीला बैल नसले तर कास्तकाराची जमीन सावकाराकडेच जाते. आबाजींपुढे हेच होतं.

होळीच्या आधी गुरं निघाली. अंजनगाव, परतवाडा, पुढे धामणगाव गढीवरून घाट. चिखलदऱ्याच्या अंगाला मोथा आणि आसपासच्या गावांत गवळ्यांची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका गवळीबाबांकडे आमची गुरं आबाजींच्या वडिलांपासून जात. त्या वर्षी माझ्या हट्टापायी मलाही बैलगाडीत घेतलं होतं. वाटेत ठिकठिकाणी दुसऱ्यांची गुरं बसलेली, उठवली तरी न उठणारी.

गवळीबाबा गुरं ताब्यात कशी घेत, ते मी जवळून पाहिलं. प्रत्येक जनावराचा खूर उचलून बघायचे. मग दोन्ही तळहात पाठीवरून शेपटीपर्यंत न्यायचे, कातडी चिमटीत धरून सोडायचे आणि ती किती वेळात जागेवर जाते ते बघायचे. आमच्या भुऱ्या म्हशीची कातडी चिमटीतच उभी राहिली. तिच्याजवळ दोन-तीन महिन्यांची वगार होती, पायावर धड न ठरणारी. गवळीबाबांनी कमरेचं सुतळीचं बंडल काढलं आणि जनावरागणिक एकेक गाठ मारत गेले. वगारीची गाठ मारताना थांबले, आबाजींकडे पाहिलं, आणि मग मारली. कागद त्यांनी कधी केला नाही.

रीत अशी होती की जनावर डोंगरावर असेपर्यंत दूध गवळ्याचं. त्या दुधाचा खवा करायचा, तूप कढवायचं. खरी मिळकत तीच, राखणीचे पैसे त्यापुढे किरकोळ. म्हणून दुभती म्हैस आली की गवळी राखण कमी सांगत. चराईचा भाव ठरायचा तो असा. रोख, ज्वारी आणि दूध मिळून.

रोहिणी लागल्यावर गुरं खाली आली. तीन कमी होती. एक गाय वाघानं नेली होती, दोन गोऱ्हे पाण्यावाचून गेले होते. गवळीबाबा स्वतः पायी आले होते. सुतळी पुढे ठेवून त्यांनी तीन गाठी दाखवल्या आणि पिशवीतून तिघांच्या गळ्यातल्या घंट्या काढून आजीच्या हातात दिल्या. बाकीची जनावरं धष्टपुष्ट नव्हती, पण बैलांच्या मानेत जोर होता, आणि वगार अंगणात उड्या मारत होती.

आबाजींनी ठरल्याप्रमाणे पूर्ण पैसे मोजून पुढे केले. गवळीबाबांनी त्यातले वेगळे काढून परत सरकवले.

"मेल्या ढोराची चराई आमी घेत नाई, पाटील. जे वापस नाई आनलं त्याचे पैसे कायचे?"

"अहो, राखलं तर तुम्हीच ना! वाघाला काय तुम्ही बोलावलं?"

"तरी नाई."

मग आजीनं दुधाचं विचारलं. भुरीचं दूध किती निघालं, तूप किती झालं. ते बराच वेळ बोलले नाहीत. सोबतच्या पोरानं सांगितलं, भुरीला पिळलंच नाही, सगळं दूध वगारीला सोडलं. ज्या वर्षी त्यांच्याही घरात दाणा नव्हता, त्या वर्षी. आबाजींनी दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पोतं द्यायचं म्हटलं, पण पोतं आणायचं कुठून? आमच्याही कोठीत तेव्हा सरकारी दुकानाचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, होता. गवळीबाबा पहाटेच निघून गेले. पान उघडं राहिलं ते तिथं.

त्या बैलांनी त्या मृगात पेरणी केली आणि जमीन घरात राहिली. वगारीची पुढे म्हैस झाली. तिच्या आणि तिच्या लेकींच्या दुधावर माझं अमरावतीचं अकरावी-बारावी, पंजाबराव देशमुखांनी उभारलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या कॉलेजातलं, आणि पुढचं अकोला झालं. 2023 साली आमच्या या भुरकट म्हशीची 'पूर्णाथडी' म्हणून देशाच्या यादीत स्वतंत्र जात नोंदली गेली. बातमी वाचली तेव्हा मला तो न पिळता सोडलेला सड आठवला. असे सड सोडणाऱ्यांनी ही जात राखली आहे आणि त्यांची नोंद कोणत्याही यादीत नाही.

1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला हा एक. हळूहळू आतली चराई बंद होत गेली, बाहेरची गुरं तर आधी. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली हेही म्हटलं पाहिजे. बोरी, कोहा, कुंड ही आतली गावं उठून खाली अकोट तालुक्यात वसली. डोंगरात गवत, पाणी, मोह, डिंक ज्यांच्या दारात होतं, त्यांना खाली प्रत्येक पेंडीला पैसे मोजावे लागले. चराई आमच्यासाठी महाग झाली, त्यांच्यासाठी आयुष्यच.

खालीही चरायला कुठं उरलं? ई-क्लासवर शाळा आल्या, पाण्याच्या टाक्या आल्या, आता सौर पॅनल येत आहेत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं आणि त्याच जुलैत राज्य सरकारनं गायरान वाटपाला बंदी घातली. हे वाचून आमच्यासारखे जमीनवाले लगेच अतिक्रमणवाल्यांकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी जे सत्याग्रह केले, त्यातली मागणीच पडीक आणि गायरान जमिनीची होती. आमच्या गावात ई-क्लासचे दोन-चार एकर वाहणारी घरं त्या एकरांवरच जगली. धुरा सरकवून ई-क्लास आपल्या शेतात ओढणारे वेगळे, आणि ते कोण आहेत हे प्रत्येक गावाला माहीत असतं.

वाट आहे. वनहक्क कायद्यात चराईचा हक्क सामूहिक म्हणून लिहिलेला आहे, फिरत्या पशुपालकांचासुद्धा. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला 2012 साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडी गावानं राखली, आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. माणसांना मालकी दिली की ती गवतही राखतात, हे मी तिथं पाहिलं आहे.

गवळीबाबांच्या नातवाची आणि माझी गाठ चिखलदऱ्यात पडली. तो पर्यटकांना रबडी आणि खवा विकतो. चार म्हशी आहेत, खुंट्यावर बांधलेल्या. ढेप परतवाड्याहून आणतो, कुटार मिळेल तिथून, मिळेल त्या भावानं. ज्यांच्याकडे आमची गुरं चरायला जात, त्यांच्या म्हशींना आता आमच्याकडच्या चाऱ्याची वाट पाहावी लागते. मी त्याला म्हटलं, आमच्या शेतातलं तुरीचं आणि हरभऱ्याचं सगळं कुटार तुझं. त्यानं भाव विचारला. मी सुतळीची गोष्ट सांगितली. त्यानं ती घरात ऐकलेली नव्हती.

"मंग काकाजी, फुकट तर नाई नेनार मी," तो म्हणाला.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: ट्रॅक्टरचं भाडं त्याचं, भरायची मजुरी माझी, कुटाराचे पैसे नाहीत, आणि दिवाळीला तो एक डबा तूप पाठवणार. माझ्या धाकट्या भावाला हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो; सोयाबीनचं कुटारसुद्धा आता विकत जातं, असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. त्याला मी आबाजींची वही वाचायला दिली आहे. यंदा तूर बरी आहे. जानेवारीत मळणी झाली की पहिली ट्रॉली घाटावर जाईल.