सत्तर जागांचा निरोप

‘स्त्री’ हा शब्द कागदावर एका अक्षरात मावतो. एसएमएसमध्ये तो सहा जागा घेतो: स, त, र, पाय मोडायची दोन चिन्हं आणि वेलांटी. रोमन लिपीत एका एसएमएसला १६० जागा मिळतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं त्यातच. एकाहत्तरावं चिन्ह आलं की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पैसेही दोन निरोपांचे लागतात. बायकांवरच्या हिंसेविरुद्ध असे निरोप लिहिणं हे माझं पंधरा वर्षांचं काम. छत्रपती संभाजीनगरातल्या क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत बसून मी बोटांवर वेलांट्या मोजत आले आहे.

सुरुवातीला लिहिलेला एक निरोप मला अजून पाठ आहे. ‘मार सहन करू नका. १८१ वर फोन करा.’ बत्तीस जागा. १८१ म्हणजे महिलांची हेल्पलाइन. मला तो फार आवडला होता. आठवड्याभरानं वाळूजकडची एक बाई आली. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं. म्हणाली, “ताई, तुमचा मेसेज त्यानं वाचला. मला विचारलं, तुझा नंबर ह्यांच्याकडे गेला कसा?”

फोन घरात एकच होता, तिच्या नवऱ्याचा. नंबर तिनंच बचत गटाच्या वहीत लिहिला होता, कारण तिच्याकडे दुसरा नव्हता. आम्ही तो वहीतून उचलला आणि निरोप धाडला. चूक सर्वस्वी माझी होती. शिवाय शब्दांतही खोट होती. ‘सहन करू नका’ म्हणताना मी तिलाच दोष देत होते, जणू मार थांबवणं तिच्या हातात होतं आणि ती आळस करत होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या फक्त ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की त्यांच्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितलेल्या १४ टक्के. ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. हे आकडे मी शेजारी शेजारी ठेवते. ज्या बाईपर्यंत पोचायचं, तिचा फोन बऱ्याचदा तिचा नसतो आणि तिनं अजून कुणापाशी तोंड उघडलेलं नसतं.

निरोपाची ताकद मी पाहिली ती ९ ऑगस्ट २०१६ रोजी, आमच्याच चौकात. १३ जुलैला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. त्याच्या निषेधात मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा इथून निघाला. फार मोठं व्यासपीठ नाही, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत. लोक आले ते बरेचसे व्हॉट्सॲपवर फिरलेल्या निरोपांवर. आणि त्या निरोपांत आचारसंहिताही होती: मुली पुढे, घोषणा नाहीत, रुग्णवाहिकेला वाट द्या, कचरा उचला. मी काळ्या चबुतऱ्याच्या बाजूला उभी होते. १८५७च्या बंडातल्या शिपायांना जिथे देहदंड झाला, त्या जागी हजारो पावलं वाजत होती आणि माणसाचा आवाज नव्हता. पुढच्या रांगेत शाळेच्या वयाच्या मुली. मोर्चाच्या मागण्यांत आरक्षण होतं, ॲट्रॉसिटी कायद्यात बदल होता. त्यांवर या शहरात मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. पण एवढ्या माणसांना गप्प चालायला लावणारा निरोप कसा लिहितात, हे मी त्या दिवशी शिकले. त्यात राग नव्हता, नेमकं काय करायचं ते होतं.

दोनच महिन्यांनी उलटी बाजू दिसली. ऑक्टोबरात नाशिकजवळ तळेगाव-अंजनेरीत पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्याची बातमी पसरली आणि मोबाइलवरच्या अफवांनी आग लावली. दलित वस्त्यांवर हल्ले झाले, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. एका लेकीसाठीचा संताप दुसऱ्या लेकींच्या घरांवर दगड होऊन पडला. पुढे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी त्या मर्यादेच्या बाजूची आहे. माझा चांगला निरोपही त्यामुळे हळू जातो, जाऊ दे. आमच्या खोलीत तेव्हापासून कडक नियम आहे: आरोपीची जात नाही, पीडितेचं नाव-गाव-फोटो नाही, आणि ‘सर्वांना पाठवा’ हे शब्द नाहीत.

मग लिहायचं कुणाला? वाळूजच्या त्या बाईनं उत्तर दिलं होतं, मला ते उशिरा कळलं. तिचं ओरडणं भिंतीपलीकडे रोज जात होतं. भिंतीपलीकडच्या घरात फोन होता, आणि तो फोन कुणी तपासत नव्हतं. २००८मध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं ‘बेल बजाओ’ मोहीम काढली होती. त्यात शेजाऱ्यांना, विशेषतः पुरुषांना, घंटी वाजवायला सांगितलं होतं. आमच्या चाळींत घंट्या नाहीत, म्हणून आम्ही लिहिलं: ‘शेजारून ओरडण्याचा आवाज आला तर दार वाजवा. साखर मागा. मग ११२.’ एकोणसाठ जागा; ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर. साखर मागायला गेलेल्या माणसाशी भांडण काढणं अवघड असतं आणि मारणाऱ्याचा हात तेवढ्यापुरता तरी खाली येतो.

शेजारी घाबरतात. “उद्या आमच्यावरच केस झाली तर?” हा प्रश्न मला मुकुंदवाडीपासून पैठणपर्यंत ऐकू आला. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या चौथ्या कलमात उत्तर आहे. हिंसा घडते आहे, घडली आहे किंवा घडेल असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे सत्तर जागांत बसवायला मला चार महिने लागले आणि शेवटी बसलं नाहीच. ते आता भिशीच्या बैठकीत तोंडीच सांगते.

घाऊक एसएमएसची आणखी एक अडचण. प्रचाराचा निरोप रात्री नऊनंतर पाठवायचा नाही, हा दूरसंचार नियामक ट्रायचा नियम २०११पासून आहे. लोकांची झोपमोड होऊ नये म्हणून तो योग्यच आहे. पण दारू पिऊन घरी येणाऱ्या माणसाची वेळ नऊनंतरचीच. म्हणून आम्ही घाऊक पाठवणं कमी केलं आणि ज्या बायकांनी स्वतःहून हात पुढे केला, त्यांच्यातल्या एकेकीशी बोलायला लागलो. पहिल्या भेटीत कायदा सांगत नाही. आधी फोन मागते: वाचलेला निरोप पुसायचा कसा, १८१ला केलेला फोन यादीतून काढायचा कसा, आमचा नंबर कोणत्या नावानं ठेवायचा. कुणी ‘पार्लर’ म्हणून ठेवते, कुणी ‘गिरणी’. बऱ्याच जणी ‘पिको फॉल’ म्हणून ठेवतात, कारण शिवणकामाच्या बाईला रात्री-अपरात्री निरोप गेला तरी कुणाला खटकत नाही.

एकीशी आमचं ठरलं होतं. ‘साडीला फॉल लागला का?’ असा निरोप आला तर सगळं बिनसलं आहे, पण फोन करायचा नाही, कारण नवरा घरात आहे. हा संकेत आम्ही नंतर बदलला, म्हणूनच इथे लिहिते आहे. गेल्या श्रावणात रात्री अकरा चाळीसला तो निरोप आला. मी तिच्या भिंतीपलीकडच्या मावशींना दोनच शब्द पाठवले, ‘साखर मागा.’ मग तिला उत्तर लिहिलं: ‘हो, तयार आहे. सकाळी येऊन घेऊन जा.’

सव्वाबाराला मावशींचा निरोप आला. ‘दार उघडलं. चहाला बसलेय.’